पाठीवर दोन थापा

६ जानेवारी, सोमवार

आले एकदाची भिवंडीत. दोन बॅगा, ड्रॉइंग बोर्ड, प्रेशर कुकर आणि माझ्या धाकट्या बहिणीची, मंदाची शाल, एवढंच सामान. रिक्षावाल्याने कल्याण नाक्यापासून इथवर दोनदा विचारलं, आंटी, पक्का यहीं जाना है ना? मी म्हटलं, चौसष्ट वर्षांच्या बाईला आपण कुठे चाललोय ते कळतं, तू खड्डे बघ. तो हसला आणि रिक्षा खड्ड्यातच घातली.

इमारत पाहून इतकी संतापले की प्रवासाचा शीण गेला. शंभरेक वर्षांपूर्वी लाकडाच्या कुणा व्यापाऱ्याने खाडीमार्गे येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी बांधलेला हा मुसाफिरखाना. हातभर जाडीच्या चुन्याच्या भिंती, सागवानी खांब, वर कठड्याची गॅलरी. मधल्या काळात तळमजल्यावर लूम, म्हणजे यंत्रमाग, चालले. आता वडप्याला गोदामं असलेल्या एका शेठने घेऊन त्याचं 'हेरिटेज गेस्ट हाऊस' केलंय. केलंय म्हणजे आजोबांना नातवाच्या लग्नात जीन्स घालून उभं करावं तसं केलंय. चुन्यावर सिमेंटचा गिलावा, त्यावर टेक्स्चर पेंट. खांबांना लॅमिनेटची खोकी. पायाखाली घसरगुंडी टाइल्स, डोक्यावर पीओपी. लूमचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना दुहेरी काचा, त्याही न उघडणाऱ्या. ज्याने हे सुचवलं त्याला या खोल्यांत मे महिन्यात कोंडावं.

पण माझ्या प्रबंधाचा विषयच 'जुन्या इमारतींचं बिघडवलेलं नूतनीकरण' असा आहे, तेव्हा तक्रार कशाला? हलवायाच्या दुकानात माशी बसावी तशी बसले आहे.

चौतीस वर्षं नकाशा विभागात रेघा मी ओढल्या आणि सह्या साहेबांनी केल्या. रिटायर झाल्यावर मंदा म्हणाली, आता तरी शीक, तायडे. मग ती गेली आणि मी संवर्धनाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. वर्गात सगळी बाविशी-तेविशीची पोरं. मला काकू म्हणतात. त्यांतली रुचिका तर भेटली की मिठीच मारायला धावते, वर पाठीवर थापट्या; मी दरवेळी फाइल आडवी धरते. आमच्या कॉन्व्हेंटात हे चाललं नसतं. सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, जिची पाठ खुर्चीला लागली ती मुलगी बिघडली. मी अजून पाठ टेकत नाही.

शेठने महिनाभर राहायची परवानगी दिली आहे. पाहुणे कुणी येतच नाहीत, तेव्हा त्याचं काय जातंय.

७ जानेवारी, मंगळवार

पुढच्या गल्लीत लूम, मागच्या गल्लीत लूम, शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्येही लूम. काचा लावून काही उपयोग नाही, आवाज जमिनीतून येतो आणि तळपायांतून वर चढतो. मला त्रास होत नाही. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मंदा गेल्यावर फ्रिज बंद पडला तरी दचकायला व्हायचं. इथे चोवीस तास कुणीतरी कामात आहे, हे बरं वाटतं.

देखरेखीला अनंता म्हणून अंजूरचा एक माणूस आहे. दिवसभर गेटवर बसतो, संध्याकाळी शेअर रिक्षाने घरी.

शेजारी जैनब राहते. माझ्याच वयाची. इथले लूम तिच्या सासऱ्यांचे होते. जन्म त्या खडखडाटात गेल्यामुळे ती आवाज न काढता ओठ मोठे करून बोलते, आणि समोरच्याचे ओठ वाचते. मागच्या खोलीतून तिची खिडकी दिसते. दुहेरी काचांपलीकडून तिने मला विचारलं, जेवली का? मला चक्क कळलं. संध्याकाळी वाटीभर खिमा घेऊन आली. बोलताना चापट्या मारायची खोड आहे, कधी दंडावर, कधी मांडीवर. एरवी मला असलं खपत नाही. आज खपलं. वर्षभरात मला कुणाचा हात लागलेला नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

९ जानेवारी, गुरुवार

तळमजल्याचा नकाशा पुरा झाला. सगळ्यांत वाईट काम मागच्या खोलीत आहे. तिच्या मागच्या भिंतीत पूर्वी दार होतं. दारापलीकडे पडवीवजा खोली होती, ती पाडून दार विटांनी बुजवलंय. भिंतीपलीकडे आता मागची बोळ. बाकीच्या भिंती निदान गुळगुळीत तरी केल्यात. इथे गिलावा नुसता फेकलाय. थापी फिरवलेली नाही, दाबलेला नाही, शेणाच्या गोवऱ्या थापाव्यात तसंही नाही. मी वहीत 'गवंड्यांचा निव्वळ आळस' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

अनंताला विचारलं तर म्हणाला, "त्या भिंतीला थापी लावाया कोनी तयारच न्हाय झाला, बाई. शेठ लई बोलला त्यांना." कारण विचारल्यावर त्याने तंबाखू मळत सांगितलं की त्याला काय ठावं न्हाय, गवंडी भाईरचे व्हते. आळसाला कारण लागत नाही, हे मी चौतीस वर्षं पाहिलंय.

सिमेंटखाली चुना सुटला की गिलावा पोकळ होतो. तो ठोकून ओळखायचा. आमचे सर सांगतात, एका जागी दोनदा ठोका. पहिल्यांदा कान जागा होतो, दुसऱ्यांदा ऐकतो. या खडखडाटात ते जमणार नाही. पण उद्या शुक्रवार, सगळ्या लूमची सुट्टी.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळी जाग आली तीच शांततेने. अख्ख्या गावाने श्वास रोखून धरल्यासारखं वाटलं. चहाचा कप बशीवर ठेवला तर मोठा आवाज झाला.

दिवसभर भिंती ठोकल्या. बोटाचं पेर वाकवून टक टक, पोकळ वाटलं की खडूने गोल. दुपारपर्यंत पुढच्या खोल्या देवीच्या व्रणांसारख्या गोलांनी भरल्या. माझी मीच खूश. मग मागची खोली.

बुजवलेल्या दाराशी साधारण माझ्या छातीच्या उंचीवर दोनदा ठोकलं. आवाजच आला नाही. पोकळही नाही, भरीवही नाही. पेराला काहीतरी मऊ लागलं, म्हणजे पातळ नेसलेल्या बाईच्या पाठीवर हात पडावा तसं, आणि त्याखालचं हाड. मग आतून एक उसासा निघाला. लांब, थकलेला, सुटका झाल्यासारखा. भिंतीवरून धुळीची एक रेघ खाली आली.

मी हसले. चुन्याची भिंत श्वास घेते, हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलंय. सिमेंटने कोंडलेला दमटपणा कुठूनतरी सुटला असणार. तरी खडूचा गोल पुरा न करताच मी पुढे सरकले. उगाच खोटं कशाला लिहू.

११ जानेवारी, शनिवार

मंदा गेल्यापासून इतकी गाढ झोपले नव्हते. उठले तर उशीवर कापसाची तूस. केसांतही. शेजारच्या शेडमधून येत असणार, पण खिडक्या तर उघडतच नाहीत.

मागच्या खोलीत काम करायला बरं वाटतं, म्हणून खाट तिथे ओढून घेतली. अनंता म्हणाला, इथे कशाला, वरच्या खोल्या हवेशीर हायेत. मी म्हटलं, कुठल्या हवेबद्दल बोलतोस तू?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पहिल्यांदाच मंदाशिवाय. तिळगूळ खिडकीतून दाखवला तशी जैनब तो घ्यायला आली. माझी बोटं पाहिली आणि विचारलं, हे काय. डाव्या हाताच्या तर्जनीवर बारीक आडवी चीर आहे, पात्याने कापल्यासारखी. रोज सकाळी ती थोडी खोल झालेली असते. मी म्हटलं, कागदाने कापलं असेल.  जैनब तिळगूळ न खाता हातात धरून बसली. मग विचारलं की मी या खोलीत कधीपासून झोपते. आणि आज तिने एकही चापट मारली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

वज्रेश्वरीला जायचं ठरवलं होतं. गरम कुंडात पाय सोडून बसायचं, देवीचं दर्शन घ्यायचं, संध्याकाळच्या बसने परत. साडी नेसले, पाण्याची बाटली घेतली. दारापर्यंत गेले.

उंबऱ्याशी बोटाला काहीतरी ताणलं गेलं. पुढचं पाऊल टाकलं तर चिरेतून रक्त आलं. आणि असं वाटलं, लिहायला लाज वाटते, पण असं वाटलं की गॅसवर दूध ठेवून निघाले आहे. की माझ्यामागे काहीतरी चालू आहे आणि त्याच्याजवळ कुणी नाही. मागे फिरले. खोलीत पोचले तेव्हा जीव भांड्यात पडला.

गुडघे दुखतात म्हणून गेले नाही, असं अनंताला सांगितलं. बसमधली गर्दी तरी कुणाला हवीय?

१७ जानेवारी, शुक्रवार

लूम बंद. मागच्या खोलीत आवाज आहे.

लूमचा नव्हे. लूम खडखडतो, हे बारीक, एकसुरी घरघरणं आहे, शिवणयंत्राच्या जातीचं. भिंतीत नाही, खोलीतही नाही. माझ्या डाव्या हाताशी आहे. हात पुढे केला की चिरेतून दोरा सरकत जातो. दिसत काही नाही. हात मागे घेतला की आवाज अडखळतो आणि छातीत कळ येते, हात परत जातो.

हे सगळं भर दुपारी. खिडकीत ऊन होतं. जैनब समोर उभी होती आणि तोंडावर ओढणी धरून माझ्याकडे बघत होती.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी जैनब आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. बाहेर खुर्ची मागवून बसली, मी आतल्या बाजूला. दोन्ही हात तिने ओढणीत गुंडाळून मांडीवर ठेवले होते. तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून शिफ्ट बदलायची रीत अशी की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे बदलीवाला, मागून येतो आणि काम करणाऱ्याच्या पाठीवर दोन थापा देतो. आलो मी, तू जा. त्या थापा मिळाल्या की उठायचं, त्याआधी नाही. चालू मशीन टाकून कुणी जात नाही. बदली आली नाही तर दुसरी पाळीही तोच करतो. आणि थापा दिल्या की मशीन तुमचं, मग मागे फिरता येत नाही.

ज्या पडवीचं दार बुजवलंय तिथे कांडी मशीन होतं. कांडी म्हणजे धोट्यातली दोऱ्याची नळी. ती भरायचं काम बायकांचं. पुतळाबाई आणि तिची बहीण अशा दोघी पाळीपाळीने बसायच्या. खोली एक, चूल एक, मशीन एक. एक घरी असली की दुसरी कामावर. त्यामुळे दोघी एकमेकींना धड भेटायच्या त्या त्या दोन थापांपुरत्याच. एक दिवस बहीण आली नाही. रस्त्यात ट्रकखाली गेली. पुतळाबाईला सांगायचं कुणाच्या तोंडून होईना. ती बसून राहिली. तापाने फणफणलेली होती. लोक म्हणाले, उठ. ती म्हणायची, माझी बहीण येऊ द्या, मग उठते. मशीनवरच गेली. "उचलायच्या आधी कोनीतरी पाठीवर हात मारायचा होता," जैनब म्हणाली. "बस, दो बार. हिंमत नाही झाली कोनाची. माझी पन नाही झाली, मी तिथंच होती." त्यानंतर ते मशीन कुणी घेतलं नाही. पडवीला कुलूप लागलं. आणि त्या दाराला पुढे कधी कुणी हात मारला नाही. गवंड्यांनीसुद्धा.

मग तिने विचारलं, तुम्ही ठोकलं का?

मी मान हलवली. कितीदा, ते तिने विचारलं नाही.

ती गेल्यावर लक्षात आलं की ती पहिल्या दिवसापासून दंडावर मारायची, मांडीवर मारायची. पाठीवर कधीच नाही.

२० जानेवारी, सोमवार

मी शिकलेली बाई आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

जैनबचा मुलगा खालिद रिक्षा घेऊन आला. अनंता आणि तो, दोघांनी मला धरून बाहेर काढायचं ठरलं. उंबऱ्यापर्यंत नीट गेले. एक पाय बाहेर पडल्यावरचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले ती मागच्या खोलीत, भिंतीशी. अनंता म्हणतो, मीच किंचाळत त्यांच्या हातांतून सुटले आणि धावले. मी. या गुडघ्यांनी. दहाही बोटांना चिरा आहेत.

खालिदने डॉक्टर आणला. धुळीची ॲलर्जी, मलम लावा.

अनंता आता उंबऱ्याच्या आत येत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

इतकी वर्षं पाठ टेकली नाही. आता इथे भिंतीशी, चटईवर, एकाच बाजूला तोंड करून बसून असते. खाट तिकडे नुसती पडून आहे. दुसरीकडे बसलं की आवाज अडखळतो. लिहायला उजवा हात मोकळा मिळतो, एवढी मेहेरबानी.

डबा जैनबची सून पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवते, अनंता बाहेरूनच काठीने आत सरकवतो. वाघाला खायला घालावं तसं. आज जैनब खिडकीत आली तेव्हा ओठ हलवून विचारलं, जेवली का. हात ओढणीतच. मी तिच्यावर रागावलेली नाही. तिला नातवंडं आहेत.

मला कोण आहे? पुतळाबाईला निदान वाट बघायला कुणी होतं.

२२ जानेवारी, बुधवार

घशात तूस अडकली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, श्वास मिळेना. अनंता गेटवरून धावत आत आला. खोकणाऱ्याच्या पाठीवर थापटायला माणूस येतो तसा, काही विचार न करता. हात वर झालेला. मी चटईवरून लोळत बाजूला झाले आणि ओरडले, हात लावू नकोस. तो घाबरून थबकला. त्याला दोन लहान मुली आहेत. एकीचं नाव भाविका. मागच्या आठवड्यात त्याने फोटो दाखवला होता.

त्याला उद्यापासून यायचं नाही म्हणून सांगितलं. तो रडला. गेला.

म्हणजे मला कळलंय आता. कुणी माझ्या पाठीवर दोनदा हात मारला की मी सुटते. आणि तो बसतो इथे.

मी कुणाला बसवणार नाही. हे लिहून ठेवते. सही — कुमुदिनी चुरी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कागदावर माझी सही.

२३ जानेवारी, गुरुवार

रुचिकाचा फोन. उद्या ओलावा मोजायचं यंत्र घेऊन येते म्हणाली. सरांना काळजी वाटतेय, काकू, तुम्ही ड्राफ्ट पाठवला नाही. येऊ नकोस म्हटलं. बरं नाही म्हटलं. घाण बोलले तिला — आगाऊ कार्टी म्हटलं, माझं काम चोरायला टपली आहेस म्हटलं. तिने नाक ओढलं. मग म्हणाली, मग तर येतेच मी. रडत होती बहुतेक.

ती आली की मिठी मारणार. पाठीवर —

दार आतून लावायचं. तेवढं जाता येतं, उंबऱ्याच्या आत आहे ते. कडी, वरची कडी, साखळी. आणि पाठ भिंतीला चिकटवून बसायचं. सिस्टर माफ करोत. पाठच दिसली नाही तर कोण हात मारणार? बुजवलेलं दार, हातभर चुना, वर सिमेंट. याहून भक्कम काय असतं?

२४ जानेवारी, शुक्रवार

लूम बंद. फक्त माझं चालू.

बेल वाजली. उघडलं नाही. पुन्हा वाजली. मोबाइल वाजला. घेतला नाही. घेतला असता तर आवाजावरून तिला कळलं असतं. काय कळलं असतं? माहीत नाही.

खाली — नाही, खालीच आहे मी — पुढच्या बाजूला तिचा आवाज. काकू. काकू, दार उघडा ना. दोनदा, तीनदा. मग शांत.

गेली. देवा, गेली.

दोरा चाललाय.

जैनब खिडकीत. ओठ मोठे करतेय. नाही कळत. पुन्हा — मागे. मागे बघ? मागे भिंत आहे, जैनब.

बोळ. मागे बोळ आहे.

पावलं. चपला. ती बोळात आलीय. भिंतीपलीकडे. सरांची शहाणी विद्यार्थिनी, माझ्यासारखीच — दार उघडत नाही तर बाहेरून तरी काम करू, काकूंना तेवढीच मदत. टक टक. टक टक. कोपऱ्यापासून सुरुवात केलीय. नीट. घाई न करता. एका जागी दोनदा. शुक्रवारी. सगळं ऐकू येतंय.

मी ओरडले. काचा. दुहेरी काचा, सिमेंट, हातभर चुना. आतल्या आत राहिलं.

जैनबचे ओठ — उठ. उठ. पाठ काढ.

मग खिडकीत नाही ती. धावली असेल. तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट.

टक टक. जवळ आली.

उठायला हवं. पाठ काढायची, बस. वीतभर पुढे सरकायचं. सही केलीय मी. उठते.

टक टक. हातभर अंतरावर.

उठतेच आहे. पण भिंत ऊबदार झालीय, तिथे, खांद्यांच्या मध्ये, पलीकडून कुणीतरी तळहात टेकवावा तशी. मंदा गेल्यापासून माझ्या पाठीवर कुणी हात

रुचिका, नको. नको, बाळा. मी उठते, थांब, एकच

टक.

पहिल्यांदा कान जागा होतो. दुसऱ्यांदा